बुजलेली मोरी नकाशात कशी दाखवायची?

मंडळी, पुराच्या नकाशासाठी उपग्रहाच्या फोटोंवरून जमिनीचा उंचसखलपणा मांडणं हे माझं काम. फोटोत रस्त्याचा भराव दिसतो, खालून पाणी जायची मोरी दिसत नाही. मग संगणक भरावाला बांध समजतो आणि मागची घरं पाण्यात दाखवतो. तिथं मोरीची वाट आम्ही हातानं काढतो.

आज अशीच एक मोरी बघायला मुकुंदवाडीच्या पुढं गेले. ती राडारोड्यानं पार बुजली होती.

नकाशाचं सांगितल्यावर मोरीशेजारच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "उघडी दाखवू नका. मग साफ करायला कोण येतंय?"

त्यांचे यजमान, काका, वैतागले. "बंद दाखवली तर आपलं घर कोण घेईल? इकायला काढलंय ना?"

"बुडणारं घर दुसऱ्याच्या गळ्यात मारता व्हय?"

मी नकाशात मोरी बंदच ठेवली. आता त्यांचं घर विकलं गेलं नाही, तर त्याला मी जबाबदार का?