अण्णांची जीप आणि अक्कांची अट

ऑफिसात सोमवारी कुणी सहज विचारतं, "काय, वीकेंड कसा गेला?" मी एक किस्सा सांगायला घेते, त्यातून दुसरा निघतो, आणि सगळ्यांचा चहा गार होतो. माझा काही दोष नाही बापा! घरात जुनी जीप खोलून बसलं की नटबोल्ट हरवतात आणि किस्से सापडतात.

आधी मंडळी कोण ते सांगते. मी नागपूरची, नवरा स्वानंद पुण्याचा, दोघंही आयटीत. राजाजीनगरात अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. अण्णांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलं. मराठी बोलतात, पण मध्ये मध्ये कन्नड पेरून. मल्लेश्वरमला त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते विकलं, अण्णा घरी बसले, आणि दुकानाची एकच वस्तू उरली: पोर्चमधली फोर-बाय-फोर डिझेल जीप. कापडाचे गठ्ठे घालून अण्णा हिच्यातून गावोगावच्या जत्रांना जायचे.

जीप बरीच वर्षं बंद होती. स्वानंदने बघितली आणि म्हणाला, "अण्णा, घरीच करू या आपण. नवे टायर, विंच, उंच करू, एकदम ऑफरोडर! सगळ्याचे व्हिडिओ आहेत." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, कपाळावर आठी आली.

"करा," अक्का म्हणाल्या. "पण मला त्या पोर्चमध्ये झोपाळा टांगायचाय. आयुधपूजेला ही जीप आपली आपण कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन आली, तर राहील. नाही तर भंगारवाला. आयतु!"

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी, इथे त्या दिवशी गाड्यांचीही पूजा करतात. आणि 'आयतु' म्हणजे झालं, विषय संपला. अण्णा त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाहीत. मला जिन्यात गाठून म्हणाले, "दुकान गेलं तेव्हा एवढं वाटलं नाही गं. ही गेली तर मात्र मला करमणार नाही."

मला इतकं वाईट वाटलं, की मीही पाना उचलला.

*

सुरुवात वायरिंगपासून झाली. स्वानंद कोडिंगवाला माणूस. "वायरिंग म्हणजे काय, इनपुट आणि आउटपुट!" असं म्हणून त्याने सगळ्या वायरी नव्याने ओढल्या आणि अण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

अण्णांनी हॉर्न दाबला. वायपर हलले. हेडलाइट लावले, काहीच नाही. उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि हॉर्न असा केकाटला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली!

स्वानंदचा चेहरा एवढासा झाला. अण्णा मात्र खूश.

"राहू दे की! बेंगळुरात इंडिकेटर बघतं कोण? वळताना हॉर्न वाजतो, तेच सरी, तेच बरोबर आहे."

*

पार्ट आणायचे इथल्या, बेंगळुरातल्या शिवाजीनगरहून. तिथे बाबूभाई म्हणून एक आहेत, जुन्या गाड्यांचे पार्ट विकतात. स्टार्टर मोटर हवी होती. त्यांनी ढिगातून एक काळीकुट्ट वस्तू ओढून काढली आणि फुंकर मारून माझ्यापुढे ठेवली.

मी म्हटलं, "भैया, नया नहीं है?"

बाबूभाई दुखावले. "नया कायकू मॅडम? नया तो कभी भी बिगड़ता. ये पहलेच बिगड़ के, सुधर के आया है!"

मला पटलं. पुणेकराला नाही पटलं, त्याने वॉरंटी कार्ड मागितलं. बाबूभाईंनी त्याला चहा पाजला.

*

अण्णांबरोबर काम करायचं म्हणजे एक अडचण. पाना हातात घेतला की त्यांची जत्रा सुरू. "एकदा काय झालं माहीत आहे काय, ह्याच जीपमध्ये..." एक नट सैल करायला एक अख्खी जत्रा लागायची. जत्रेत पाऊस आला, गठ्ठे भिजले, कुणीतरी मदतीला आलं, आणि नट जिथल्या तिथे.

"अण्णा, हात पण चालू द्या की," मी म्हणायचे.

"स्वल्प थांब गं, पुढं मजा आहे," ते म्हणायचे. बापा बापा, ते पुढं काही लवकर यायचं नाही!

*

आता माझाच किस्सा. एका सकाळी मी घरूनच काम करत होते, आणि गिअरबॉक्सचा एक बोल्ट निघेना म्हणून कानात इअरफोन घालून जीपखाली आडवी झाले होते. मीटिंग म्यूटवर आहे, असा माझा समज.

मॅनेजरने विचारलं, "कल्याणी, रिलीज का क्या स्टेटस है?"

मी तोंड उघडायच्या आत वरून अण्णांचा आवाज, "अडकलंय! हलत नाही! हातोडा आण, तोडून टाकू सगळं!"

म्यूट कुठलं, सगळ्यांनी ऐकलं! आमचा मॅनेजर मुंबईचा, त्याला सगळं कळलं. मराठीत म्हणाला, "पहिल्यांदाच कुणीतरी खरं स्टेटस दिलं. कोण आहेत हे? घेऊ या का टीममध्ये?"

*

विंच म्हणजे जीपच्या पुढच्या बंपरवर बसवायची मोटर आणि तिची तार. गाडी चिखलात रुतली की तार झाडाला बांधायची, मोटर तार गुंडाळते, गाडी बाहेर! आमच्या जीपचं इंजिन अजून चालत नव्हतं, पण विंच आली होती. का? तर ऑनलाइन सेल होता!

आल्यासारखी ट्रायल घ्यायलाच हवी. पोर्चमध्ये झाड कुठलं? स्वानंदने तार गेटला अडकवली आणि जीप पुढे सरकण्याची वाट बघत बटण दाबलं. तो हँडब्रेक सोडायला विसरला होता.

जीप जागची हलली नाही. गेट आलं! खांबाच्या बिजागऱ्यांसकट, खरडत खरडत, थेट बंपरपाशी.

अक्का आवाज ऐकून बाहेर आल्या. आम्ही तिघं मान खाली घालून उभे. त्यांनी रिकाम्या खांबांकडे नीट बघून घेतलं.

"बरं झालं," म्हणाल्या. "भंगारवाल्याला आत यायला सोपं."

अण्णांना त्यावर हसूसुद्धा आलं नाही. पूजा तोंडावर आली होती.

*

आणि आयुधपूजेचा दिवस उजाडला.

जीप धुतली, शेवंतीच्या माळा घातल्या, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. देखणी दिसत होती हो! नवे टायर, आणि हातभर उंच. त्या उंचीचीही गंमत आहे. जीप उंच करायची तर स्प्रिंगचे पाटे अॅक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याच्या, खालून काढून वर घ्यायचे, आणि ते बसायची जागा तिथे वेल्ड करून घ्यायची. पुढच्या अॅक्सलला ते करून घेता घेता आमचा जीव गेला. म्हणून मागच्याला स्वानंदने डोकं चालवलं: अख्खा अॅक्सलच उताणा करून बसवला. खालची जागा आपोआप वर! आम्ही त्याला टाळ्या दिल्या. ब्रेकचं काम त्या दिवशी सकाळी संपलं, त्यामुळे जीप चालवून बघायला वेळच मिळाला नव्हता.

गेटच्या जागी भंगारवाला उभा. अक्कांनी खरंच बोलावला होता!

अण्णांनी कुंकू घातलेला कोहळा फोडला आणि ते स्टिअरिंगवर बसले. अक्का पूजेचं ताट घेऊन, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाय देऊन, शेजारी चढून बसल्या. अण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं! मी तर ओरडलेच. अण्णांनी हात जोडले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

जीप मागे गेली.

लिंबं फुटली, पण उलट्या बाजूने. अण्णांनी ब्रेक दाबला. परत बघून बघून पहिला गिअर टाकला. जीप आणखी मागे, तुळशीपर्यंत!

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. एरवी जीप मागच्याच चाकांवर चालते; मागचा अॅक्सल उताणा, म्हणजे ती चाकं उलटी फिरणार! स्वानंदलाही तेव्हाच कळलं. तो धावला. "अण्णा, रिव्हर्स टाका! रिव्हर्स!"

"वेड लागलंय काय रे?" अण्णा रडकुंडीला आलेले. "आधीच मागं जातेय, आणखी रिव्हर्स कशाला?"

"टाका तर खरं!"

अण्णांनी डोळे मिटून रिव्हर्स टाकला. जीप डौलात पुढे निघाली.

रिव्हर्सचा वेग तो केवढा! घुंऽऽ करत, माणसाच्या चालीने. आम्ही दोघं एका बाजूने चालतोय, भंगारवाला दुसऱ्या बाजूने. लोकांना वाटलं देवाचीच मिरवणूक आहे, त्यांनी नमस्कार केले. देवळाशी आरती झाली. तसेच घुंऽऽ करत परत. पोर्चपुढे वळवून अण्णांनी पहिला गिअर टाकला, आणि जीप सुरेख मागे सरकत जागेवर जाऊन उभी राहिली.

भंगारवाल्याने आशेने विचारलं, "अक्का, कोडतीरा?" म्हणजे, देता का?

अण्णा स्टिअरिंग घट्ट धरून बसून होते.

अक्का स्टुलावरून खाली उतरल्या. "काय हो, म्हणजे हिला मागं जायला चार गिअर, आणि पुढं जायला एकच?"

"हो," अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

अक्कांनी एकदा जीपकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग भंगारवाल्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

"बेडा रे बाबा, नाही द्यायची, तू जा. इतकी वर्षं असल्याच एकाबरोबर संसार केलाय. त्यात आणखी एक राहील."