धुक्यातला काळा गॉगल

वरठीच्या फाट्यावर शाळेत जायला मी सकाळी बसची वाट बघते. कारखान्यातली रात्रपाळी संपवून एक माणूस तेव्हा सायकलनं घरी जायचा. दाट धुक्यातही डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल! मला वाटायचं, काय ही ऐट! एकदा विचारलंच.

"उजेड डोळ्यात गेला का झोप उडते, मॅडम. मंग दिवसभर पोराईवर चिडत राहतो."

रात्र डोळ्यांवर बांधून घरी नेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

परवा सकाळी कुणीतरी उन्हाकडे तोंड करून, शीळ घालत कारखान्याकडे निघालं होतं. गॉगल नव्हता, म्हणून मी ओळखलंच नाही. तो थांबला, हसला.

"आजपासून दिवसाची ड्युटी! अन् मॅडम, तुमचा स्वेटर लाल हाये? मले तर हिवाळाभर काळाच दिसला!"