पांढरीतले निळे मणी

नांगरटीनंतर कोवळं ऊन पसरलं, की शिरूर अनंतपाळजवळच्या माझ्या माहेरच्या शेतात माती मधूनच निळी लखलखते. शेताच्या त्या तुकड्याला पांढर म्हणतात. कधीकाळी तिथे गाव नांदत होतं. त्याच्या भिंतींची माती झाली, माणसांची माती झाली, आणि उरले ते काचेचे मणी, ज्वारीच्या दाण्याएवढे, आभाळाचा थेंब गोठावा तसे. नाजूक म्हणवणारी काच सगळ्यांना पुरून उरली! लहानपणी या विचाराने मला केवढा धीर वाटे. यंदा त्याच विचाराने मी भ्याले.

माझी लेक मुक्ता अणुभट्टीतल्या कचऱ्यावर संशोधन करते. तो जहाल कचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत थिजवतात; पुढे कधीतरी तो धरणीच्या पोटात खोल ठेवायचा. ती काच हजारो वर्षं टिकायला हवी. पण तेवढी वाट पाहायला आहे कोण? म्हणून मातीत आधीच निजलेल्या जुन्या काचेला विचारायचं, पाण्याने तुला किती खाल्लं? मी या मण्यांबद्दल फोनवर सहज बोलले आणि ती रजा काढून आली. लातूरहून आम्ही दोघी एसटीने गावी गेलो.

माझ्या चुलतभावाने, शिवाप्पाने, वाटीभर मणी काढून ठेवले होते. "लई जुनं हाय म्हणत्यात. घे की माय, पायजे तेवढे," तो मुक्ताला म्हणाला. ओसरीवर बसून ती एकेक मणी भिंगाखाली न्याहाळू लागली. मलाही दाखवलं. निळ्या अंगावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पांढुरकी साल होती.

"इतकंच खाल्लंय पाण्यानं, आई. आतली काच शाबूत आहे."

तिच्या स्वरात हर्ष होता. माझ्या मनात मात्र लातूरच्या भूकंपाची ती पहाट. ज्या भूमीने गावंच्या गावं गिळलेली मी पाहिली, तशाच कुठल्या भूमीवर विसंबून ही ठेव ठेवायची?

इतक्यात शिवाप्पाची सून महादेवी न्हाऊ घातलेलं बाळ घेऊन आली. बाळाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक टपोरा, काळसर मणी. किती शोभत होता! मी कौतुकाने हात पुढे केला, तोच मुक्ताचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा कुठला, वहिनी?"

"शेतातलाच की ओ. लेकराला दिष्ट लागू न्हाई म्हणून बांधलाय."

बाळ मणी चोखत होतं. मुक्ताने तो हलकेच त्याच्या तोंडातून काढला.

"काही वंगाळ हाय का त्यात?" महादेवी घाबरली.

"नाही, नाही. यात काहीच नाही. गिळेल म्हणून काढला," मुक्ता म्हणाली, पण मण्यावरचा हात तिने काढला नाही.

परतीच्या एसटीत खिडकीकडे बघतच ती म्हणाली, "आई, आमची काचही अशीच काळी, चकचकीत असते. खूप वर्षांनी कुणाला सापडली, तर?"

सुंदर वस्तू दिसली की माणूस ती आधी लेकराच्याच अंगावर घालतो ना?

"सोड ही नोकरी," मी म्हणाले.

"मी सोडल्यानं कचरा कुठं जातो?"

"मग दगडावर कोरून ठेवा, हात लावू नका म्हणून."

"कोणत्या भाषेत?"

निवृत्त होऊन लातूरला येईपर्यंत नांदेडच्या शाळेत मी मराठी शिकवली; अक्षर म्हणजे क्षय न पावणारं, असं किती वर्गांना सांगितलं! आणि आता मला आमच्या देवळाबाहेरचा शिलालेख आठवला. जुन्या कानडीतला असावा म्हणतात. गावात तो कुणालाच वाचता येत नाही. त्यावर तेल वाहतात, शेंदूर फासतात. मी मुक्ताला तेच सांगितलं.

"काय लिहिलंय त्यावर?" तिने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. गावातून निघताना मी त्याच दगडावर डोकं टेकवून आले होते.