फोडमास्तर

मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. ते आमच्या तपासणी प्रयोगशाळेत रिपोर्ट टाइप करायचे आणि मी त्यांच्या शेजारच्या खिडकीतून ते रिपोर्ट लोकांना द्यायचे. एकवीस वर्षं आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये हातभर अंतर होतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस एका जागी बसू शकत नसे. उजवा पाय सतत हलायचा. माझ्या टेबलावरची टाचण्यांची डबी त्या पायाच्या तालावर वाजायची. दहा ओळी टाइप केल्या की उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, यायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. "मास्तर, पायाला भिंगरी लावून जन्माला आलात का?" असं मी रोज विचारायचे आणि ते रोज हसायचे.

वयाच्या बाविसाव्या वर्षी मास्तर नोकरीला लागले तेव्हा रिपोर्टातला एकही शब्द त्यांना कळत नव्हता. नुसती अक्षरं बघून बडवायचे. मग आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी पुठ्ठा निघालेली एक जुनी वैद्यकीय डिक्शनरी त्यांच्याकडे टाकली. तिच्या शेवटच्या पानांवर ग्रीक मुळांची यादी होती, आणि मास्तरांना तिचं वेडच लागलं. कुठलाही लांबलचक शब्द दिसला की त्याचे तुकडे करून दाखवायचे. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' म्हणजे दाह, 'ओमा' म्हणजे गाठ. हायड्रोजन म्हणजे पाणी जन्माला घालणारा. हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा. "घोडा?" मी म्हटलं, "त्या ग्रीकांनी घोडा पाहिला नव्हता की हा प्राणी?" तेव्हापासून मी त्यांना फोडमास्तर म्हणायला लागले. नाव चिकटलं.

डॉक्टरबाई मात्र त्यांना चिमटे काढायच्या. "मास्तर, अ‍ॅटम म्हणजे काय?"

"ज्याचे तुकडे होत नाहीत तो."

"आणि झाले ना तुकडे? आर्टरी म्हणजे?"

"हवेची नळी. मेलेल्या माणसाच्या धमन्या रिकाम्या दिसायच्या, म्हणून त्यांना वाटलं आत हवा असते."

"म्हणजे नाव ठेवणाऱ्याला जे दिसलं तेवढंच नावात असतं. आजार काय आहे ते नावाला विचारू नका."

मास्तर मान डोलवायचे आणि पुढचा शब्द फोडायला घ्यायचे.

खिडकीवर येणाऱ्या लोकांना त्यांचा मोठा आधार होता, हे कबूल करायला हवं. लिफाफा उघडून माणसं पांढरीफटक पडायची. रिपोर्टाबद्दल आम्ही बोलायचं नाही, डॉक्टर सांगतील, असा नियम होता. मास्तरांनी त्यातून पळवाट काढली होती. रिपोर्टाबद्दल बोलायचं नाही ना? ठीक, शब्दाबद्दल बोलू. "गॅस्ट्रायटिस म्हणजे पोटाचा दाह हो. नाव मोठं, दुखणं लहान." माणूस निवांत होऊन जायचा आणि मास्तरांची छाती फुगायची.

मग एक दिवस पोस्टमन आला. उंच, सडपातळ, खांद्यावर थैली. तळपायावर काळा डाग वाढत होता, त्याचा तुकडा तपासायला दिलेला. त्याने लिफाफा फाडला, कागद उलटासुलटा केला आणि खिडकीतून वाकून विचारलं, "हे मेलानोमा काय असतं?"

टाचण्यांची डबी वाजायची थांबली. तो रिपोर्ट मास्तरांनीच टाइप केला होता. त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. कातडीच्या कॅन्सरमधला तो सगळ्यात वाईट.

"मेलास म्हणजे काळा," मास्तर म्हणाले. "ओमा म्हणजे गाठ. काळी गाठ."

पोस्टमन मोठ्याने हसला. "काळी गाठ तर मलाही दिसत होती की! मला वाटलं काय नि काय." कागदाची घडी करून त्याने शर्टाच्या खिशात घातली. "मिळेल रजा तेव्हा दाखवतो डॉक्टरांना," असं म्हणत तो जिना उतरून गेला.

हाक मारायला चार पावलं पुरली असती. मास्तर बसून राहिले. मीही बसून राहिले, पुढच्या माणसाची पावती तपासत. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर सगळे मास्तरांनाच बोलले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी माझ्या डोक्याला ताप दिला. दर तासाला विचारायचे, "गेला असेल ना डॉक्टरांकडे?" तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. गेला नव्हता. टपाल कचेरीत लावला, तर तो बटवड्यावर होता. निरोप सांगा, पलीकडून म्हणाले. मास्तर रिसीव्हर धरून माझ्याकडे बघत राहिले. "काय निरोप देऊ गं?" मी पावत्यांचा गठ्ठा पुढे ओढला. त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी एकच रिपोर्ट तीनदा टाइप केला.

पाचव्या दिवशी सकाळी कामावर आले, टाइपरायटरचं झाकणही काढलं नाही आणि म्हणाले, "मी जातो." टपाल कचेरीत पोचले तोवर पोस्टमन निघून गेलेला. मग मास्तर त्याच्या मागे. पहिल्या गल्लीत शिंप्याने सांगितलं, आत्ताच पत्र देऊन गेला. दुसऱ्या गल्लीत एका आजींनी दार उघडून विचारलं, माझं काही आहे का? पोस्टमनच्या पायात गाठ होती आणि तरी तो पुढेच. मास्तरांचा गुडघा सुजला. दारोदार "टपाल आलं का?" विचारत हा माणूस दोन तास वणवण हिंडला. लोकांना वाटलं, ह्याच्याच पत्राची वाट असेल.

शेवटी तो एका घराच्या पायरीवर सापडला. बूट काढून तळपाय चोळत बसला होता.

"अरे, काळी गाठवाले मास्तर!" तो म्हणाला. "इकडे कुठे?"

मास्तर शेजारी बसले. त्यांनीच मला नंतर सांगितलं, की सुरुवात ग्रीकांपासूनच केली. नाव ठेवणाऱ्याला जे दिसतं तेवढंच नावात असतं, वगैरे. पोस्टमन म्हणाला, "मास्तर, अजून अकरा पत्रं वाटायची आहेत. काय ते बोला."

"कॅन्सर आहे," मास्तर म्हणाले. "आज चला डॉक्टरांकडे. आत्ता."

पोस्टमनने बूट पायात चढवला, नाडी बांधली. मग म्हणाला, "हे त्या दिवशी ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग मला हसू कसं दिलंत?"

दोघांनी मिळून अकरा पत्रं वाटली, एक लंगडत, दुसराही लंगडत, आणि मग डॉक्टरांकडे गेले.

टाचेचा मोठा भाग कापावा लागला. पुढे तो कचेरीतच बसून टपाल वेगळं करायला लागला. त्या पाच दिवसांच्या उशिराने फरक पडला का, असं मास्तरांनी डॉक्टरबाईंना किती वेळा विचारलं असेल! त्या दर वेळी म्हणायच्या, नाही पडत. मास्तरांचा विश्वास बसत नसे. माझाही बसला नाही. त्यांनी शब्द फोडणं सोडलं, डिक्शनरी कपाटावर ठेवून दिली. कुणी खिडकीतून अर्थ विचारला, की उठायचे, बाहेर यायचे आणि त्या माणसाला डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत नेऊन सोडायचे. मला त्यांची ती बडबड फार आठवायची. एकदा राहवलं नाही म्हणून मीच विचारलं, "मेटास्टॅसिस म्हणजे हो?"

"जागा बदलणं," ते नाइलाजाने म्हणाले. "आजार पहिली जागा सोडून दुसरीकडे पोचला, पसरला, की तसं लिहितात." आणि मशीनमध्ये पुढचा कागद घातला.

वर्षाने पोस्टमनच्या जांघेतली गाठ तपासायला आली. रिपोर्ट चार वाजता मिळायचा होता. अकराच्या सुमाराला मास्तरांनी मशीनमधून कागद ओढला, डॉक्टरबाईंची सही आणली, लिफाफ्यात घातला आणि चपला चढवल्या.

"कुठे निघालात? चार वाजता येणारच आहे तो."

"चारपर्यंत मला माहीत असेल आणि त्याला नसेल," मास्तर म्हणाले. "हे मला पुन्हा जमायचं नाही."

ते जिना उतरायला लागले. मी त्यांच्या टेबलावरची कार्बन कॉपी उचलली. जागा बदलल्याचा तो शब्द तिसऱ्या ओळीत होता, आणि त्याच्या आधी 'नाही' असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

खिडकीपुढे सात माणसं उभी होती. मी खिडकी लावून घेतली आणि मास्तरांच्या मागे धावले.