मीनाक्षीचा धैवत

कृष्णात खाडे गिटार शिकवून शिकवून विटला होता. वय छप्पन्न, त्यातली तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गेली. हळद म्हणू नका, गणपती म्हणू नका, पुढाऱ्याचा वाढदिवस म्हणू नका, मांडव म्हणून एक सोडला नाही. आता कसबा बावड्यात दोन खोल्या, पुढची क्लासची, मागची संसाराची, मधे एक पडदा. पाठ धरते, डाव्या हाताची करंगळी सकाळी लवकर उघडत नाही, आणि शिकायला येणाऱ्याला तिसऱ्याच दिवशी रील टाकायची असते. त्याला या सगळ्याचा कंटाळा आला होता.

त्या शनिवारी अवंतिका आली. बँकेत नोकरी करणारी पोरगी, शिकण्यातली त्यातल्या त्यात खरी. स्वतःची चाल बांधतेय म्हणाली आणि वाजवायला लागली. ए मायनर, मग डी मेजर, तीन-तीन सूर एकदम छेडायच्या दोन कॉर्ड.

"चुकलं," कृष्णात डोळे मिटूनच म्हणाला. "मायनरच्या घरात डी मायनर असतो. जन्म गेला माझा ते वाजवण्यात."

"सर, हा डोरियन मोड आहे, वेस्टर्नमधली एक सुरावट. यात चौथी कॉर्ड मेजरच लागते."

"मोड मटकीला येत्यात. पुन्हा वाजव बघू."

तिनं पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा. कृष्णातनं डोळे उघडले. गंधार कोमल, निषाद कोमल, पण डी मेजरमुळं धैवत शुद्ध. अरे, हा तर काफी थाट! मोडाचं नाव साहेबाचं, सूर आपलेच. आणि ऐकता ऐकता त्याला एक जुनी चाल आठवली.

चाल होती त्याच्या बायकोची. मीनाक्षी मलकापूरकडची. तिच्या माहेरी भाताच्या लावणीला बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून गायच्या, त्यातलं एक गाणं ती लग्नानंतर भाकऱ्या थापताना गुणगुणायची. गळा असा, की शेजारणी दारात येऊन उभ्या राहायच्या. कृष्णातला वाटलं, ह्याला कॉर्ड लावू, ऑर्केस्ट्रात घेऊ, आपल्याही नावावर एक चाल होईल. बावीस वर्षांपूर्वी गणपतीत त्यानं तिला स्टेजवर उभी केली. कॉर्ड लावल्या सिनेमातल्या सवयीनं, ए मायनर आणि डी मायनर. डी मायनरात धैवत कोमल आणि तिच्या गाण्यातला शुद्ध. फरक एका सुराचा. पण भाकरीत खडा एकच असला तरी दातांना कळतोच की.

दोन्ही धैवत एकमेकांना भिडले. मीनाक्षी अडखळली, पुन्हा आपल्याच सुरावर गेली. मांडवात चुळबुळ सुरू झाली, आणि हा शहाणा माईक तोंडाशी ओढून म्हणाला, "बाई, जरा सुरात गा की." माणसं पोट धरून हसली. तिनं गाणं तसंच पुरं केलं, खाली उतरली, आणि त्यानंतर घरात भाकऱ्या थापल्याचा तेवढा आवाज राहिला. तो समजत आला की संसाराच्या रगाड्यात बायकांचं गाणं सुटतंच.

अवंतिकाला त्यानं लवकर सोडलं. पडद्याआड मीनाक्षी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. तिच्यासमोर जाऊन बोलायचं धाडस होईना, म्हणून त्यानं बसल्या जागीच तिची ती चाल धरली. ए मायनर, डी मेजर. करंगळी दुखत होती, तरी दाबून धरली.

शेंगा मोडल्याचा आवाज थांबला.

कृष्णात उठला आणि पडदा सारून उभा राहिला. "मीनाक्षी, त्या दिवशी तू सुरातच हुतीस. कॉर्ड माझी चुकली हुती."

"म्हाईत हाय की," ती शेंगांकडे बघत म्हणाली.

"कधीपास्नं?"

"तवापास्नं. आईनं शिकवल्यालं गाणं, मला न्हाय कळणार व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी माईकवर बोललासा. माझ्याकडं कुठला माईक?"

बावीस वर्षं ही बाई घरात त्याचा डी मायनर ऐकत आली होती, आणि तो पडद्याबाहेर पोरांना कान तयार करायला शिकवत होता. लाज वाटली त्याला, अंगभर वाटली. तो तिथंच उंबऱ्यावर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.

तिनं तोंड उघडलं. पहिले चार सूर आले, धैवताशी गळा फाटला आणि खोकला लागला. ती पाणी प्याली, तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पट्टी खाली घ्या जरा," ती म्हणाली. "तेवढा वर आता गळा न्हाय जात."

कृष्णातनं सहाच्या सहा तारा सैल करायला घेतल्या. तिनं गवारीची परात पुन्हा पुढं ओढली आणि तो सूर मिळवेपर्यंत शेंगा मोडत बसली.