मृगातला गुलाबी धूर

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीची चावी आमच्याकडे असते. जानेवारीत एका संध्याकाळी मागच्या सोसायटीतले एक काका ती मागायला आले. पाठीवर छोटी दुर्बीण, गळ्यात कॅमेरा. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. त्यांच्या गच्चीवरून नव्या टॉवरमुळे पूर्व दिसेनाशी झाली होती, आणि आमच्यासमोरचा टॉवरही पुढच्या थंडीपर्यंत बांधून पूर्ण होणार होता.

आईनं चहा घेऊन मला वर पाठवलं. मी चार पावलं टाकली तोच ते ओरडले, "अगं, थांब, थांब! तुझ्या चालण्यानं स्लॅब हलतो, माझे तारे लांबट होतात!"

"सॉरी, काका."

"सॉरी राहू दे, आहेस तिथेच बस. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे शंभर फोटो एकावर एक रचायचेत, तेव्हा कुठे मुंबईच्या उजेडातून काहीतरी वर येणार. आता खाली गेलीस तरी वाट लागेल."

मी टाकीला टेकून बसले. प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला ते स्वतःही श्वास रोखून धरायचे. चहावर साय धरली. तासाभरानं लॅपटॉपवर फोटो रचले गेले, आणि काळ्यातून गुलाबी धुरासारखं काहीतरी उमललं. काका माझ्याकडे वळले.

"काय झकास बसतेस गं तू! आमच्या घरात कुणाला दोन मिनिटं जमत नाही."

घरी, ऑफिसात, सगळीकडे मला 'जरा बोल, जरा मिसळ' हेच ऐकावं लागतं. गप्प बसण्याचं कौतुक झाल्याच्या आनंदात काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.