नलूताईचं गाऱ्हाणं

दुपारी कुडाळची वीज गेली की नलूताई चपला काढायची, छापील कागदांची लांबच लांब घडी जमिनीवर उलगडायची, कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवायची आणि गाऱ्हाणं घालायला बसायची. देवाला नव्हे, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला. "बा देवा म्हाराजा, आज ही वळ तुझ्या पायांकडे हाडलली आसा. हिका कंस घातललो आसा. खंयय गेली तरी हिणा कोणाची वाट अडवची नाय…"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणायचो.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण मागणं म्हणत जातो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. नलूताईने ती रीत सरळ ऑफिसात आणून बसवली. ऑफिसात आम्ही तिघंच. ती, मी, आणि मशीनच्या पोटातलं काम बघणारा इब्राहिम. आम्हा दोघांचं "व्हय" मिळाल्याशिवाय तिची एकही ओळ, तिच्या भाषेत वळ, पुढे सरकत नसे. इब्राहिमचा आवाज सगळ्यांत खणखणीत. शेजारच्या काजूच्या कारखान्यातल्या बायका सुरुवातीला दारात येऊन बघून जायच्या.

ही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीने औद्योगिक वसाहतीत एक छोटा विभाग काढला होता. कंपनीच्या नव्या मशीनचा कर्नल, म्हणजे बाकी सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तो गाभा, आमच्याकडे सांभाळायला होता. नलूताई मूळची देवबागची, मुंबईत दहा-बारा वर्षं काढून परत आलेली. माझ्याहून वयाने मोठी, अंगाने किरकोळ, आणि एकदा धरलं की न सोडणारी.

तिने धरलं होतं मॅक्रोंना. मॅक्रो म्हणजे लांबलचक मजकुराला दिलेलं एक छोटं नाव. ते नाव जिथे दिसेल तिथे कॉम्प्युटर तो मजकूर डकवतो, तोही न बघता. आजूबाजूच्या मजकुराशी त्याचं जमेल की नाही याची त्याला काय फिकीर? म्हणून प्रत्येक मॅक्रोला स्वतःचे कंस हवेत, असं तिचं म्हणणं. "पाव्हणो कोणाकडे रवाक जातलो ता ठावक नाय ना? मगे तेणा आपला हातरूण आपण घेवन जावचा," ती म्हणायची. कंसांना तिचा शब्द होता गडगो. आमच्याकडे घराभोवती, बागेभोवती दगडांची बुटकी भिंत घालतात, तो गडगा.

माझं मत अगदी उलट. चालतंय ना? मग कशाला हात लावायचा? या विषयावर आम्ही इतकं भांडलोय की इब्राहिम मधेच उठून चहा टाकायचा.

"आज चालता," ती म्हणायची, "कारण तुका ठावक आसा खंय पाय ठेवचो नाय तो. तुझ्या मागसून येतलो तेका कोण सांगतलो?"

"मी सांगान."

"आणि तू नसलंस तर?"

मी चिडून बिडी प्यायला बाहेर जायचो.

त्या वर्षी देवबागला तिची आई ओट्यावरून पडली आणि अंथरुणाला खिळली. एकुलती एक मुलगी, लग्न न केलेली. नलूताईने राजीनामा दिला. कर्नलची टेप मुंबईला जायची होती, त्यानंतर ती जाणार. आणि तिथून पुढे हा कर्नल मुंबईच्या ताब्यात जाणार. तिथली मंडळी साफसफाईसाठी एक ओळही बदलणार नाहीत, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणजे तिने वर्षभर हळूहळू कंस घालून नीट केलेली मॅक्रोंची फाइल या टेपवर गेली तर गेली. नाहीतर ते सगळं काम रद्दी.

तिने मुंबईला ट्रंक कॉल लावला. ऑफिसच्या फोनवर ती प्रमाण मराठी बोलायची.

"नलिनीबाई, या बदलांनी मशीन एक तरी नवीन काम करणार आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग?"

"काहीच बदलणार नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. फक्त पुढच्याला पडायला जागा राहणार नाही."

साहेब शेवटी म्हणाले, दाखवा. जुन्या आणि नव्या फाइलीवरून मशीनच्या भाषेत उतरलेला कर्नल तंतोतंत सारखा निघाला पाहिजे. एका अक्षराचा फरक दिसला, तर जुनीच फाइल पाठवायची.

"दिला शब्द," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती जी बसली. वीज असेल तेव्हा कर्नलचा एक-एक भाग जुन्या फाइलीने उतरवायचा, नव्या फाइलीने उतरवायचा, दोन्ही ताडून बघायचे. वीज गेली की जमिनीवर गाऱ्हाणं. शनिवारी देवबागला जाऊन आईला न्हाऊ-माखू घालायची आणि सोमवारी पहिल्या एसटीने हजर. तिच्या कंसांवर माझा विश्वास नव्हता, पण तिच्या चिकाटीपुढे मी पार गार झालो होतो. भाग एकामागून एक सारखे निघत गेले.

आणि एका ठिकाणी घोडं अडलं. एका मॅक्रोत एक 'जर' आणि त्याचा 'नाहीतर' अशी दोन वाक्यं होती. त्या दोघांना मिळून तिने महिरपी कंसाचा गडगा घातला होता. पण तो मॅक्रो एके ठिकाणी दुसऱ्याच एका 'जर' आणि 'नाहीतर' यांच्या मधे वापरलेला होता. तिच्या कंसापुढे आम्ही सवयीने दिलेला अर्धविराम बाहेरच्या 'जर'ला तिथेच संपवत होता आणि बाहेरचा 'नाहीतर' उघड्यावर पडत होता. तो भाग उतरेचना.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण इब्राहिमने विचारलं, "ह्या वळीक व्हय कोणी म्हटला?" दोघांनीही म्हटलं होतं. गाऱ्हाण्याची लय अशी, की एकदा ताल धरला की तोंडातून व्हय आपोआप निघतं. ओळ कोणी ऐकलीच नव्हती.

नलूताईने त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढला. मग म्हणाली, "आजपासून रीत बदलली. आधी नाय म्हणाचा. खंय मोडात ता शोधूचा. गावला नाय, तरच व्हय."

त्या मॅक्रोवर इलाज होता. दोन्ही वाक्यं एकदाच फिरणाऱ्या चक्रात, म्हणजे लूपमध्ये, घातली की 'जर-नाहीतर'शी भांडण मिटत होतं. तिने तेही करून पाहिलं. पण आमचं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारं जुनं भाषांतरयंत्र त्या चक्रासाठी जास्तीची उडी, म्हणजे मशीनला एक फालतू हुकूम, टाकायचं, आणि उतरलेला मजकूर सारखा राहत नव्हता. मीच म्हटलं, "गो ताय, एक उडी. साहेब थोडेच बघतले?"

"मी शब्द दिललो आसा," ती म्हणाली. तिने तेवढा एक मॅक्रो जुन्यासारखा ठेवला आणि त्याच्या डोक्यावर रोमन लिपीत टीप लिहिली: 'हयसर गडगो नाय. बघून पाय ठेवा.' बाकी सगळी फाइल तिची गेली. टेप पोचल्यावर मुंबईहून एकच चौकशी आली, की गडगो हा कुठला आदेश आहे.

नलूताई गेली. पुढे नवं मशीन आलं, त्याच्याबरोबर नवं भाषांतरयंत्र, आणि त्यावर कर्नल चढवायचं काम फिरून आमच्याकडेच आलं. तिच्या कंसांवरून मी निर्धास्त चालत गेलो. एकदाही पाय घसरला नाही. त्या टिपेपाशी मात्र थांबलो. एकदाच फिरणारं चक्र घातलं, उतरवलं, ताडून बघितलं. नवं यंत्र शहाणं होतं, जास्तीची उडी नव्हती. सारखं निघालं. आता टीप पुसायची होती. पण ती मी एकट्याने कशी पुसणार?

रविवारी कागद घेऊन देवबागला गेलो. नलूताई घरापुढच्या खळ्यात सुकी मासळी उलटत होती. हात धुऊन ओट्यावर येऊन बसली. मी कागद पसरला, चिऱ्याचा तुकडा शोधून वर ठेवला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, जी एक जागा उघडी रवलली, ती आज बंद केलली आसा…"

"व्हय म्हाराजा," आतून तिच्या आईचा आवाज आला.

"आये, तू गप रव," नलूताई म्हणाली. "माका अजून बघूक व्हया."

तिने कागद मांडीवर ओढला. 'जर'च्या आत घालून बघितला. 'नाहीतर'च्या मागे, मग पुढे. दुसऱ्या मॅक्रोच्या पोटात. मला आडवेतिडवे प्रश्न विचारले, एकदा मी अडखळलो तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ओट्यावरचं ऊन पार खळ्यापर्यंत सरकलं. मासळीवर कावळे येत होते, तिचं लक्ष नव्हतं. आजवर गाऱ्हाणं तिने घालायचं आणि व्हय आम्ही म्हणायचं. ती काय म्हणते याची मला परीक्षेच्या निकालासारखी धास्ती वाटत होती.

शेवटी तिने कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"मोडूक गावला नाय," ती म्हणाली. मग देवळात जोडतात तसे हात जोडून, हळू आवाजात, "व्हय म्हाराजा."